बावीस नंबरची राणी

"हे आपल्याच छापखान्यातलं काम ना?"

कारभाऱ्यांनी कोटाच्या खिशातून पत्त्याहून लहान असा एक रंगीत पुठ्ठा काढला, भाईचंदशेटच्या टेबलावर ठेवला आणि एका बोटानं पुढे सरकवला. चांदवण संस्थानचे हे कारभारी आगगाडीनं रात्रभर प्रवास करून थेट छापखान्यात आले होते आणि खुर्ची पुढे केली तरी बसले नव्हते.

शेटनी चष्मा चढवला. चित्र पाहून त्यांचा चेहरा फुलला. "आमचाच, आमचाच. नऊ रंग आहेत साहेब. एकेका रंगाला एकेक दगड. मुंबईत दुसरा कोण काढते असा माल?"

"कपाळ पाहा."

शेटनी कपाळ पाहिलं. मी दुसऱ्या एका कामाचा नमुना घेऊन दाराशी उभा होतो. मीही मान लांब करून पाहिलं. राणीसाहेबांचा भरलेला चेहरा, खांद्यावरून घेतलेली शाल, मागे हिरवा पडदा. मला काही खोट दिसेना.

"कपाळाला काय झाला?" शेट म्हणाले.

"कुंकू आहे."

"मग? बाईमाणसाला कुंकू असणारच."

"आमचे महाराज कैलासवासी होऊन नऊ वर्षं झाली," कारभारी म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "बाईसाहेब विधवा आहेत. आम्ही जो फोटो पाठवला त्यात त्यांच्या कपाळाला काही नाही. आणि आपण त्यांना कुंकू लावून सिगारेटच्या पाकिटातून गावोगाव वाटणार! उद्या मी दरबारात तोंड कसं दाखवू?"

शेटनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. लाल दगड माझा होता.

आमचं काम कसं चालायचं ते थोडं सांगतो, म्हणजे मी किती मूर्खपणा केला ते कळेल. एका तंबाखू कंपनीनं सिगारेटी वाकू नयेत म्हणून पाकिटात एक पुठ्ठा घालायला सुरुवात केली होती, आणि त्या पुठ्ठ्यावर रंगीत चित्र. 'हिंदुस्थानच्या राण्या' अशी पंचवीस चित्रांची माळ होती. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर आणि नाव. पाकिटात कुठली राणी निघेल ते विकत घेणाऱ्याला कळायचं नाही. त्यामुळे पुढे कोट भागातले कारकून, ज्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती, तेही सिगारेटी घ्यायला लागले आणि दुपारच्या सुट्टीत "माझ्याकडे दोन इंदुमती आहेत, तुझी सतरावी दे" असा व्यवहार करायला लागले. ही चित्रं चिकटवायला कंपनीनं एक वहीही काढली होती. पंचवीस रिकाम्या चौकटी, खाली नंबर.

चित्र मात्र एका दगडावर होत नसे. पिवळ्याचा दगड वेगळा, निळ्याचा वेगळा, कातडीच्या रंगाचा वेगळा. एक माणूस फोटो समोर ठेवून मूळ रेषा काढायचा आणि त्या रेषेची फिकट खूण प्रत्येक रंगाच्या दगडावर उतरवून दिली जायची. लाल दगडावर आख्खी बाई दिसत नाही. तिचे ओठ दिसतात, शालीची किनार दिसते, आणि कपाळावरचा टिळा. हा टिळा रेषा काढणारा काढत नसे. तो लालवाल्यानं आपल्या समजुतीनं ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत होती. चोवीस राण्या आणि एक बेगम. बेगमसाहेबांच्या कपाळावर ओढणी होती म्हणून त्या वाचल्या. बाकी चोवीस कपाळांवर मी एका सकाळी चोवीस टिळे ठेवले. फोटो पलीकडच्या भिंतीवर टांगलेले होते. उठून बघायचा मला कंटाळा आला.

छापून झालेला नमुना संस्थानांना गेला, आणि आमच्याही भिंतीवर नंतर आठ दिवस होता. अंतोबा फोरमन रोज त्याच्यासमोर उभा राहून तंबाखू मळायचा. तो कोपऱ्यातल्या फुल्या बघायचा; नऊ रंगांच्या फुल्या एकावर एक बसल्या की त्याच्या लेखी चित्र बरोबर. शेट सोनेरी रंग बघायचे. बाकीच्यांनी राण्या बघितल्या. कुणालाही काही खटकलं नाही, कारण कुंकू लावलेली बाई आम्हाला पुरी वाटते आणि न लावलेली अर्धी. चूक नजरेत यायची तर ती आधी चूक वाटायला हवी ना.

दुपारी कंपनीचा माणूस येऊन गेला. शनिवारच्या बोटीवर माल चढला नाही तर पुढचं काम दुसऱ्या छापखान्याला, एवढंच त्यानं सांगितलं. बावीस नंबर गाळावा तर वह्या छापून रवाना झालेल्या. त्यांत बाविसाची चौकट रिकामी कशी ठेवणार? नव्यानं छापावं तर दगड घासून दुसऱ्या कामाला लागलेले. शेवटी कारभाऱ्यांनीच तोड काढली. "टिळा तेवढा काढा. बाकी चित्राला आमची हरकत नाही."

शेटनी मला बोलावलं. "रायकर, तुमी लावला, तुमीच काढा. शनिवारी दुपारी बारा वाजता तीन हजार राण्या या टेबलावर पायजे. नाय तर सोमवारपासून येऊ नका."

तो मंगळवार होता.

शेट बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. आणि असल्या चुकीवरून काढलेल्या माणसाला दगडावर चित्रं काढायचं काम मुंबईत दुसरीकडे कुणी देत नाही. छापखाने चार आणि फोरमन सगळे एकमेकांचे मेहुणे. घरी द्वारका, माझी बायको, आठवा संपत आलेली. आधीची दोन मुलं जन्मली ती मेलेलीच. अशा घरात जाऊन नोकरी गेली म्हणून सांगायचं मला धैर्य नव्हतं.

मी अंतोबाकडे गेलो. म्हटलं, दोन माणसं द्या, टिळे खरवडायचे आहेत.

अंतोबानं तंबाखू थुंकली. "छापायचं ते मी छापलं. बायांची कुंकवं पुसणार नाही. घरात दोन सुना आहेत माझ्या."

"चित्र आहे हो ते."

"चित्र आहे तर तूच पूस की."

मशीनवरच्या कुणीही मान वर केली नाही. एकानं तर कानाला हात लावला. फक्त दगड घासणारा उस्मान आणि त्याचा भाऊ तयार झाले, पण वाळूत हात घालून घालून त्यांची बोटं इतकी राठ झाली होती की पहिल्या दहांतल्या सात राण्यांची कपाळं फाटली. उस्मान बिचारा ओशाळून म्हणाला, "हे आमचं काम नाही, रायकर." मग अंतोबानं आणखी एक फर्मान काढलं: करायचं ते घरी नेऊन करा, माझ्या खात्यात नको. तीन हजार राण्यांचे गठ्ठे मी हातगाडीवर घालून कांदेवाडीला नेले.

असल्या गोष्टी मी मानत नव्हतो. सुधारकांच्या व्याख्यानांना जायचो, टाळ्या वाजवायचो. त्याच हिमतीवर मी मागच्या पडवीत बसून वडिलांची कोरणी हातात घेतली. आम्ही सोनार, वडील गेले तरी त्यांची हत्यारं घरात होती. पहिलं चित्र पाटीवर ठेवलं आणि टोक टिळ्यावर टेकवलं. बाहेरच्या खोलीतून द्वारकेचा आवाज आला, "अहो, पाणी देता का जरा?" माझा हात तिथंच राहिला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. तिसऱ्या वेळी टोक घसरलं आणि राणीच्या भुवईतून आरपार गेलं. व्याख्यानं वगैरे सगळं एका तांब्याभर पाण्यात वाहून गेलं.

तेव्हा मला ठकू आठवली. आठवली म्हणजे काय, ती तिथंच पडवीच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत होती.

ठकू माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तेराव्या वर्षी, ती माहेरी आलेली असतानाच, तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. केस काढलेलं डोकं, लाल आलवण, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागायचं. वडील असेपर्यंत दागिन्याला उजाळा देण्याची बारीक कामं ती त्यांच्याजवळ बसून करायची. तिचा हात माझ्याहून हलका होता हे वडील माझ्यासमोर म्हणायचे आणि मला ते आवडायचं नाही.

"ठकू, एक काम आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "मी करायचं?"

"तुझा हात हलका आहे."

"ते खरं. पण तू का नाही करत?"

"द्वारकेचे दिवस भरत आलेत."

"मग?"

"मग म्हणजे..." मला शब्द सापडेनात आणि सापडले ते हे, "तुझं आता काय जाणार आहे?"

मी हे म्हणालो. त्या वेळी मला त्यात काही वाईट वाटलं नाही; हिशेबानं बरोबर वाटलं. ठकूनं सूप बाजूला ठेवलं.

"खरंच की," ती म्हणाली. "दाखव."

तिनं कोरणी दगडावर दोनदा फिरवली, टोक अंगठ्यावर पाहिलं आणि एका राणीच्या कपाळावर आडवं धरलं. खरवडलं नाही, वरचा लाल तेवढा पापुद्र्यासारखा उचलला. खाली कातडीचा रंग जवळजवळ तसाच राहिला. जिथं पांढरं दिसलं तिथं मी कुंचल्यानं पिवळट गुलाबी रंगाचा ठिपका द्यायचा. एवढ्यावर आमची जोडी बसली. ती उचलणार, मी लावणार.

काम फक्त दिवसा होत होतं. दिव्याच्या उजेडात पिवळा कळत नाही. रात्री बरोबर वाटलेला रंग सकाळी कावीळ झाल्यासारखा दिसतो. म्हणून उजाडलं की बसायचं आणि ऊन सरकेल तशी चटई सरकवायची. मी छापखान्यात सुट्टी टाकली होती. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला राणीचा चेहरा बघवेना. डोळे मिटले तरी हिरवा पडदा दिसायचा. ठकू मात्र एकाच लयीत हात चालवत होती. स्वयंपाक ते चार दिवस द्वारका करत होती, जड अंगानं, भिंतीचा आधार घेत. तिला आम्ही मागे येऊ देत नव्हतो.

"वन्सं मागे काय करतायत हो?" तिनं एकदा विचारलं.

"छापखान्याची चित्रं निवडतायत."

"मला दाखवा की एखादं."

"मग दाखवीन. रंग ओला आहे."

ठकू काम करता करता मधूनच काहीतरी विचारायची. एरवी ती फारशी बोलत नसे.

"ही किती वयाची रे?"

"पन्नाशीची असेल."

"दिसते तिशीची."

"पाकिटातल्या सगळ्याच तिशीच्या असतात."

ती हसली. मग थोड्या वेळानं, "आणि राज्य हीच चालवते?"

"मुलगा लहान आहे. तोवर हीच."

"विधवा असून?"

"राणी आहे ती, ठकू."

"हं," ती म्हणाली आणि पुढचं चित्र घेतलं.

गुरुवारी दुपारी हात धुऊन आम्ही दोघं ताक प्यायलो तेव्हा तिनं तो विषय काढला. आधीपासून मनात घोळवत असणार, कारण ती एका दमात बोलली.

"दादा, असली कामं छापखान्यात नेहमी येतात?"

"दुरुस्तीची? येतात. कुठे रंग सरकतो, कुठे डाग पडतो. माणूस मिळत नाही त्याला."

"मग मला मिळेल? छापखान्यात नाही येणार मी. घरी बसून करीन, इथंच. तू नुसतं शेटना सांग, हे माझ्या बहिणीनं केलं."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"तुमच्याकडे मला काही कमी आहे असं नाही म्हणत मी. वहिनी चांगली आहे. पण तिला मुलं होतील, घर भरेल. उद्या तू नसलास तर मी कुणाच्या दारात उभी राहू? हातात काही असलं तर बरं." तिनं भांडं उपडं घातलं. "आणि मला हे जमतं, दादा. हे मला येतं."

पंधरा वर्षांत तिनं माझ्याजवळ मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

"सांगेन," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगं, नक्की. तुझ्यामुळे तर माझी नोकरी राहतेय."

त्यानंतर तिचा हात आणखी भराभर चालायला लागला. शुक्रवारी ती चक्क गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना वडील असताना ऐकलं होतं, त्यानंतर नाही. मला मनापासून बरं वाटलं. तिचं नाव शेटना कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे मी मनात जुळवायलाही लागलो होतो.

शनिवारी सकाळी शेवटची रास राहिली. बाराला पोचायचं होतं, मी घाईला आलो होतो, आणि घाईत माणूस उगाच दुसऱ्याला शिकवायला लागतो.

"हळू, ठकू," मी म्हटलं. "कपाळाला ओरखडा नको. कागद सोलला तर दिसतो."

तिनं हात थांबवला. कोरणी खाली ठेवली नाही.

"दादा, माझं पुसलं तेव्हा फडकं ओलं होतं की कोरडं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. कळलं तेव्हा मी म्हटलं, "मला काय माहीत? काकूनं पुसलं होतं."

"काकूनंच पुसलं. हात तू धरले होतेस."

पडवीत ऊन आलं होतं. बाहेर द्वारका पाट्यावर काहीतरी वाटत होती.

मी हात धरले होते. सतरा वर्षांचा होतो. ठकू ओटीवरून उठून परसात पळाली, तेव्हा वडील नुसते खाली मान घालून बसले होते आणि काकू ओरडली, "अरे धर तिला!" मी धरली. मागून दोन्ही मनगटं धरली. ती मला लाथा मारत होती आणि दादा, दादा म्हणत होती. मी सोडलं नाही. बांगड्या माझ्या हातातच फुटल्या.

"कोरडं होतं," ठकू म्हणाली. "खरखरीत. कपाळ सोललं होतं माझं, खपली धरली होती. कुणी म्हटलं नाही, हळू पुसा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. ती थकली होती, मीही थकलो होतो. तिनं पुढची राणी पाटीवर घेतली, कोरणी आडवी धरली आणि टिळा उचलला. मी रंगाचा ठिपका दिला. रास संपली. गठ्ठे बांधताना तिनं एवढंच म्हटलं, "शेटना सांगायचं विसरू नको."

"नाही विसरत," मी म्हटलं. विसरणार नव्हतोच.

बाराला दहा कमी असताना मी शेटच्या टेबलावर गठ्ठे ठेवले. कारभारी होते. अंतोबा होता, त्याच्या मागे मशीनवरची चार माणसं दारात येऊन उभी होती. तमाशा बघायला आली होती. शेटनी मधलंच एक चित्र ओढून काढलं, भिंगाखाली धरलं, मग खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं केलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. कारभाऱ्यांनी पाहिलं आणि या छापखान्यात आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"हा कोणचा हात आहे?" शेट म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"तुमचा नाय," शेट म्हणाले. "रायकर, तुमचा हात मला ठाऊक आहे. तुमचा हात जड. हा कोणाचा?"

विचारलं होतं त्यांनी. अगदी सरळ विचारलं होतं. मी वाक्य जुळवून आणलं होतं, ते जिभेवर होतं. अंतोबा माझ्याकडे बघत होता. मंगळवारी त्यानं ज्या नजरेनं बघितलं होतं तीच नजर. मशीनवरचा एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला.

"माझाच, शेट," मी म्हटलं. "एरवी घाई असते. या वेळी शांतपणे बसून केलं."

शेटनी भिंग ठेवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मग इतकी वर्सं लपवून कशाला ठेवला? अंतोबा, ऐकला काय? दुरुस्तीचा सगळा काम आता रायकरकडे. घरी नेऊन करू दे, पायजे तर."

अंतोबा म्हणाला, "मानलं बाबा."

विधवेच्या हातचं काम म्हटलं तर कारभारी नाराज होतील, म्हणून मी तसं बोललो, असं मी घरी जाताना स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं. कारभाऱ्यांच्या बाईसाहेबच विधवा होत्या. खरं एवढंच की चार दिवस मी त्या लोकांत चेष्टेचा विषय झालो होतो आणि पाठीवर थाप पडली तेव्हा ती मला दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटली नाही. घरी बसलेल्या बहिणीला तर नाहीच.

ठकू दारात उभी होती. दारात उभं राहायची तिला सवय नव्हती.

"पसंत पडलं?"

"पडलं."

"नोकरी?"

"राहिली."

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"हात चांगला आहे म्हणाले. फार वाखाणला. पण छापखान्यात बायकांना काम देत नाहीत."

"घरी बसून करीन म्हणून सांगितलंस ना?"

"सांगितलं. तरी नाहीच म्हणाले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही हे मला त्या वेळी समजलं नाही आणि नंतरही कधी विचारायची हिंमत झाली नाही.

"बरं," ती म्हणाली. "पाय धुऊन घे, पान वाढते."

सोमवारी दुरुस्तीचं पहिलं काम माझ्या नावावर घरी आलं. माझ्या हातानं ते होईना. दोन दिवस झटापट केली आणि तिसऱ्या दिवशी मी ते ठकूपुढे नेऊन ठेवलं. म्हटलं, मला जरा मदत कर, नाहीतर पुन्हा नोकरीवर येईल. तिनं कोरणी घेतली. त्या महिन्यात द्वारकेला मुलगा झाला आणि तो जगला. घर भरत गेलं. आगपेट्यांची चित्रं, कापडाच्या गठ्ठ्यांवर लावायची तिकिटं, तारखांच्या तक्त्यांवरचे देव, जे जे छपाईत बिघडलं ते सगळं आमच्या पडवीत येऊन नीट व्हायचं. दुसऱ्या छापखान्यांतले लोकही म्हणायचे, दुरुस्ती द्यावी तर रायकरांच्या हातात. माझा पगार वाढला, छापखान्यात मला वेगळी खोली मिळाली, माझ्या हाताखाली दोन माणसं आली. ठकूनं पुन्हा काही मागितलं नाही.

भाईचंदशेट त्यानंतर अकरा वर्षं होते. रोज सकाळी मी त्यांना नमस्कार करायचो आणि ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय रायकर, घरी सगळे बरे?"

मी म्हणायचो, "बरे आहेत."